दसऱ्याला अंगणात आलेली पेटी

घटस्थापनेच्या आधीचा आठवडा राणीसावरगावात धुण्याचा. रेणुकामातेचं गाव, त्यामुळे नवरात्र म्हणजे घरचंच कार्य. ‘दसरा काढायचा’ म्हटलं की घरातली शेवटची वाकळ आणि शेवटचा डबा बाहेर आलाच पाहिजे. या धांदलीत पलंगाखालची नाहीतर माळ्यावरची पत्र्याची पेटीही वर्षातून एकदा ऊन बघते. आणि दरवर्षी तोच संवाद होतो. सून म्हणते, ‘आत्याबाई, ही आता भंगारात देऊ का?’ आणि सासू म्हणते, ‘राहू दे माय, माझ्या लग्नातली हाये.’ दोघींचंही बरोबर असतं. पेटी पुसली जाते आणि पुन्हा अंधारात जाते.

या लेखात मी दोघींच्याही बाजूने बोलणार आहे. पेटी टाकायची नाही आणि लपवायचीही नाही. बैठकीत, खिडकीखाली, पलंगाच्या उशाशी ती उजळ माथ्याने ठेवायची. त्यासाठी फार पैसा लागत नाही, पण चार-पाच सुट्टीचे दिवस लागतात. त्यातला रंग लावण्याचा भाग अगदी थोडा, हे आधीच सांगते. रंगाचा डबा उघडून थेट पेटीवर ब्रश फिरवणाऱ्यांच्या पेट्या पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरतात. माझी पहिली पेटी अशीच गेली. निळाभोर ऑईल पेंट आषाढात कांद्याच्या सालीसारखा सुटला आणि खालून सगळा गंज वर आला.

आमच्या भागात पेट्या आल्या कुठून, ते बघितलं तर त्यांच्याशी कसं वागायचं हेही कळतं. एक लग्नातली: रुखवताशेजारी मांडलेली, झाकणावर ‘चि. सौ. कां.’ आणि लग्नाची तारीख रंगवलेली. दुसरी शिकायला गेलेल्या पोराची: परभणीच्या बोर्डिंगात किंवा कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून आलेली, समोर नाव, गाव, तालुका गंगाखेड. तिसरी ऊसतोडीला गेलेली: दिवाळीच्या सुमारास भांडीकुंडी भरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडाला कारखान्याच्या पालावरून परतणारी. एखाद्या घरी फौजेतून निवृत्त झालेल्यांची काळी ट्रंकही असते, पांढऱ्या अक्षरांची. जुनी माणसं पेटीला ‘संदूक’ म्हणतात, निजामाच्या राजवटीतल्या बोलीची ती खूण.

या साऱ्या पेट्यांचं झाकण सपाट असतं, आणि म्हणूनच त्यांचं फर्निचर होऊ शकतं. युरोपात घोडागाडीच्या काळातल्या कितीतरी ट्रंकांची झाकणं गोलाकार असत, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. पॅरिसमध्ये लुई व्हिताँ या कारागिराने 1858 मध्ये सपाट झाकणाची ट्रंक बाजारात आणली, ती एकावर एक रचता येऊ लागली. आपल्याकडे पेट्यांवर वाकळांची चळत रचणाऱ्या बायांना सपाट झाकणाचा फायदा कुणी वेगळा सांगावा लागला नाही.

आधी पेटी रिकामी करा, आणि जरा सावकाश

तळाशी बहुतेक वेळा जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. ते चुरगाळून फेकू नका. एखादा ‘मराठवाडा’चा पिवळा अंक, एखादी लग्नपत्रिका, रेशनकार्डाची घडी, हे सगळं तिथेच सापडतं. कागद हलक्या हाताने उचला, सावलीत पसरा, फोटो काढून घ्या, मग काय ते ठरवा.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारा: या पेटीत फवारणीचं औषध कधी ठेवलं होतं का? कापसाच्या आणि तुरीच्या पट्ट्यात हा प्रश्न गमतीचा नाही. कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात राहाव्यात म्हणून कितीतरी घरांत जुन्या पेट्या वापरल्या गेल्या, आणि एखादी बाटली सांडलेली असतेच. अशी पेटी कपड्यांसाठी, अंथरुणांसाठी किंवा पोरांच्या खेळण्यांसाठी वापरू नका. धुतली, रंगवली तरी नाही. तिला गोठ्याकडच्या खोलीत अवजारं ठेवायला लावा.

रिकाम्या पेटीला कोंदट वास असतो. साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून पुसा, लगेच कोरडी करा आणि झाकण उघडं ठेवून आठवडाभर रोज उन्हात मांडा. वास तरीही राहिलाच तर वाटीत खायचा सोडा घालून झाकण दोन दिवस बंद ठेवा. अत्तर-सेंट मारू नका, वासावर वास चढतो आणि दोन्ही राहतात.

रंगवायचं मात्र नवरात्रात नाही

पेटी बाहेर आली म्हणून उत्साहाने त्याच आठवड्यात रंगाचा डबा उघडू नका. परतीचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही, आणि तो नसला तर सोयाबीनच्या मळणीचा भुसा हवेत असतो. ओल्या रंगावर तो असा बसतो की वाटावं मुद्दाम भुरभुरवलाय. उन्हाळाही नको. वैशाखात पत्रा इतका तापतो की रंग ब्रशखालीच आखडतो, रेघा तशाच राहतात, आणि दुपारच्या वावटळीचा नेम नाही. दसऱ्याला पेटी धुवून, वाळवून, दुरुस्त करून ठेवावी आणि रंग दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात लावावा. सकाळचं दव उडून गेल्यावर, म्हणजे दहाच्या पुढे, ओसरीच्या सावलीत सुरुवात करावी आणि चारपर्यंत हात आवरावा. दहिवर पडायच्या आत रंग थोडा ओढलेला असला पाहिजे, नाहीतर चकाकी जाऊन पृष्ठभाग धुरकट दिसतो.

पत्रा कोणता, रंग कोणता

पेटीचे पत्रे ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक साधा काळा पत्रा, जो नेहमी रंगवलेलाच असतो आणि रंग गेला की तांबडा गंजतो. दुसरा जस्ताचा मुलामा दिलेला, ज्याला आपण जी.आय. पत्रा म्हणतो, न रंगवलेल्या भागावर, बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूला, त्याची रुपेरी फुलं-फुलं दिसतात. हा फरक ओळखलाच पाहिजे. नेहमीचा ऑईल पेंट थेट जस्तावर लावला तर रंगातलं तेल आणि जस्त यांची हळूहळू प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि रंग पापुद्र्यासारखा निघतो. माझी ती निळी पेटी याच पत्र्याची होती, हे मला फार उशिरा कळलं. जी.आय. पत्र्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो. दुकानदाराला ‘पत्र्यासाठी’ एवढंच न सांगता ‘जी.आय. पत्र्यासाठी’ असं स्पष्ट सांगा. काळ्या पत्र्याला रेड ऑक्साइड. त्यातही झिंक क्रोमेटऐवजी झिंक फॉस्फेटचा मिळाला तर तो घ्या. क्रोमेट शरीराला घातक आहे.

आता जुन्या रंगाविषयी. हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण पेट्या रंगवणारे बहुतेक जण तो टाळूनच पुढे जातात. जुन्या ऑईल पेंटमध्ये शिसं असायचं, खास करून भडक पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्या रंगांत. आपल्या देशात घरगुती रंगांतलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून तो लागू झाला. म्हणजे सत्तर-ऐंशी सालातल्या पेटीवरच्या रंगात शिसं आहे असंच धरून चालायचं. रंग जागेवर आहे तोवर त्याचा त्रास नाही. कोरडा घासला की त्याची धूळ होते आणि ती लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. गरोदर बाईनेही या कामाजवळ थांबू नये.

म्हणून जुना रंग सरसकट खरवडायचा नाही. आधी परीक्षा घ्या: टोकदार चाकूने रंगावर आडव्या-उभ्या चार-चार बारीक रेघा मारा, वर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. रंग चिकटपट्टीबरोबर आला नाही तर तो घट्ट आहे. त्याच्यावरच नवा रंग बसवायचा. सुटलेला भाग तेवढा काढायचा, तोही ओला करून. पाण्यात चालणारा काळा पॉलिशपेपर घ्या, आधी 120 नंबरचा, मग 220 चा. पाण्यात बुडवून घासा, चिखल होईल तो ओल्या फडक्याने पुसत राहा. नाका-तोंडाला चांगला मास्क हवा, पदर किंवा गमछा चालत नाही. खाली प्लास्टिकचा मोठा कागद अंथरा, काम झाल्यावर फडकी आणि चिखल त्यातच गुंडाळून बांधा. हे पाणी तुळशीत, परसातल्या भाजीत किंवा जनावरांच्या हौदाजवळ ओतायचं नाही. रंग जाळून काढणारेही मी पाहिलेत. तो धूर धुळीपेक्षा वाईट.

घट्ट रंग आणि उघडा पत्रा यांच्या कडेला पायरी राहते. ती बोटाला लागेनाशी होईपर्यंत घासा. एनॅमलची चकाकी कुठलाही उंचवटा लपवत नाही, उलट दाखवते.

गंज, खड्डे, भोकं

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो. मात्र जुन्या रंगात अडकलेला गंजही ओला करूनच घासा. कडीकोयंड्याभोवतीचा, बिजागरीतला गंज चिंचेचा कोळ आणि मीठ लावून तासाभराने घासला तर सुटतो. तांब्या-पितळेला लावतो तीच चिंच. पितळी कड्या असतील तर त्याही याच वेळी उजळून घ्या. चिंच-मीठ पत्र्यावर राहू देऊ नका, मीठ राहिलं की गंज दुप्पट वेगाने परत येतो. दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं करा, अर्धा तास उन्हात ठेवा. आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. घासलेला उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली असते.

खोलवर गेलेला गंज तळाला सापडतो. फरशी पुसण्याचं पाणी पेटीखाली जातं, तिथे वारा नाही, ऊन नाही. सुई टोचून पाहा. ती आरपार गेली तर तिथे पत्रा उरलेलाच नाही. चण्याएवढी भोकं एमसीलसारख्या लांबीने बुजतात. तळहाताएवढा भाग गेला असेल तर पत्र्याचं काम करणाऱ्याकडून आतून ठिगळ रिव्हेटने बसवून घ्या. गंगाखेडला किंवा अहमदपूरला कोठ्या, पेट्या, पन्हळी करणारा माणूस शोधला तर सापडतो, आणि हे काम त्याला तासाभराचं असतं. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. पेटीचा पत्रा पातळ, ठिणगी लागली की भोक मोठंच होतं.

पोचे आले असतील तर बाहेरून वाळूची पिशवी टेकवा आणि आतून लाकडी मोगरीने हलके ठोका. सगळे पोचे काढायच्या मागे लागू नका. ट्रॉलीतून दहा हंगाम गेलेली पेटी आरशासारखी गुळगुळीत दिसली तर ती खोटी वाटते.

झाकणावरचं नाव

इथे माझा हट्ट आहे. नाव पुसू नका.

बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही टीपॉयवर तुमच्या आजीचं नाव नसतं. ते नाव आमच्याकडे एखाद्या पेंटरने काठीवर हात टेकवून, बारीक ब्रशने, श्रीकारासकट घातलेलं असतं. कमळाची दोन फुलं बाजूला, तारीख खाली. पुष्कळ बायांच्या बाबतीत सातबारावर नाव लागण्याआधी कुठल्या वस्तूवर लागलं असेल तर ते या पेटीवर.

आधी सरळ समोरून फोटो काढा. नावाचा भाग पॉलिशपेपरच्या आसपासही येऊ देऊ नका. अंगाच्या साबणाच्या अगदी पातळ पाण्यात कापूस भिजवून, पिळून, एका कोपऱ्यावर फिरवा. कापसाला रंग लागला तर तिथेच थांबा आणि फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटका. रंग लागला नाही तर पूर्ण नाव तसं पुसून घ्या. अक्षरांभोवती दोन बोटं जागा सोडून कागदी मास्किंग टेपची चौकट आखा आणि आतला भाग कागदाने झाका. टेप अक्षरांवर नाही, मोकळ्या जुन्या रंगावर लावायचा. नवा रंग या चौकटीच्या बाहेर. शेवटचा हात ओला असतानाच टेप काढला की कड स्वच्छ येते. जुन्या रंगाचा तो आयत नव्या रंगात भिंतीवरच्या फोटोसारखा दिसतो. काही जण त्यावर चकचकीत वार्निश मारतात. ते काही वर्षांत पिवळं पडतं, म्हणून मी मारत नाही.

नाव निम्मं गेलेलं असेल आणि घरच्यांना ते पुन्हा हवंच असेल, तर ट्रेसिंग पेपरवर उरलेली अक्षरं आहेत तशी उतरवून घ्या. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, दुकानाच्या पाटीवर अक्षरं काढणारा पेंटर गाठा. फ्लेक्स आल्यापासून या माणसांचं काम आटलंय, पण हात गेलेला नाही. त्याला संगणकावरचा छापील नमुना देऊ नका, जुनी पेटीच दाखवा.

रंगाचा हिशेब

36 इंच लांब, 21 रुंद, 18 उंच अशी पेटी धरा. सहाही बाजू मिळून जवळपास 25 चौरस फूट होतात. लिटरभर एनॅमल एका हाताला साधारण शंभर चौरस फूट पुरतो. म्हणजे दोन हातांना अर्धा लिटर, आणि प्रायमर एक हात सगळीकडे, तळाला दोन, यासाठीही अर्ध्या लिटरचा डबा भरपूर झाला. दुकानदार लिटरचा डबा पुढे करेल, घेऊ नका. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला रंग घरात असतो, तोही मोहात पाडतो. वर साय धरलेली असेल तर साय कापून काढून, रंग जुन्या पातळ ओढणीतून गाळून, पेटीच्या मागच्या बाजूवर आधी लावून बघा. दोन दिवसांत सुकला नाही तर तो डबा आता कामाचा नाही.

एनॅमल टर्पेंटाइनने जरासाच पातळ करायचा, दहा भागांना एक भाग, त्याहून जास्त नाही. रॉकेल घालू नका. रंग सुकायला रडवतं आणि चकाकी मारतं. ब्रश दोन इंची, चांगल्या केसांचा. स्वस्त ब्रशचे केस रंगात राहतात आणि ते ओल्यात नखाने काढताना जे होतं ते सांगण्यासारखं नाही. पहिला हात पातळ, आडवा पसरून मग उभा ओढलेला. चोवीस तास थांबा. 400 नंबरच्या पॉलिशपेपरने हलकेच एकदा घासा, ओल्या फडक्याने पुसा, सुकू द्या, मग दुसरा हात. जाड एकच हात मारून वेळ वाचवायला गेलात तर उभ्या बाजूंवर ओघळ येतात, आणि वरून सुकलेला रंग आतून आठवडाभर मऊ राहतो. वासाचा त्रास होणाऱ्यांनी पाण्यातला एनॅमल घ्यावा. तो महाग पडतो, पण घरातल्या घरात लावता येतो. स्प्रेचे डबे मला पटत नाहीत. आमच्याकडच्या वाऱ्यात निम्मा रंग शेजारच्या वाळवणावर जातो.

रंग कोणता, हे मी सांगणं आगाऊपणाचं. तरी एक बोलते. पोचे असलेल्या पेटीला कमी चकाकीचा, साटीन फिनिशचा रंग घ्या. गेरूचा, हळदीचा, मोरचुदाचा, शेवाळी, असे आपल्या डोळ्यांना सवयीचे रंग या पेट्यांना शोभतात. अंग एका रंगाचं आणि कडा, कोपऱ्यांच्या पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या, एवढं पुरे असतं. वारली चित्रं आता प्रत्येक पेटीवर, मडक्यावर, कपावर दिसतात. जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या कलावंताने जगभर नेलेली ती कला आहे, पण ती पालघर-डहाणूच्या मातीतली. मराठवाड्यातल्या पेटीला नक्षी हवीच असेल तर पैठणीच्या काठावरची असावली आहे, हिमरूची फुलं आहेत, दारातली ठिपक्यांची रांगोळी आहे. जुन्या एक्स-रे फिल्मवर नक्षी कापून घ्या. तिचा स्टेन्सिल कागदासारखा भिजत नाही आणि शंभरदा वापरता येतो. रंग ब्रशने ओढायचा नाही, स्पंजच्या तुकड्याने टिपायचा, तोही जवळजवळ कोरड्या.

आतून मात्र एनॅमल लावू नका. बंद पेटीत त्याचा वास महिनोन् महिने कोंडून राहतो आणि साड्यांना लागतो. गंज असेल तेवढ्याच जागी प्रायमर लावा, पंधरा दिवस उघडी वाळू द्या आणि जुन्या सुती लुगड्याचं अस्तर घाला. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत ठेवा. डांबरगोळ्या ठेवायच्याच तर पुरचुंडीतच, उघड्या नाहीत; त्यांनी रंग मऊ पडतो. आणि रंगवलेल्या पेटीत धान्य किंवा डाळ ठेवायची नाही.

बसायचं की ठेवायचं

पेटी रंगवण्याआधीच तिची जागा ठरलेली बरी, कारण उंचीचं गणित त्यावर असतं. खुर्चीची बैठक सर्वसाधारणपणे 17-18 इंचांवर असते. पेटीच 18 इंच असेल, तिला तीन इंची चाकं लावली आणि वर दोन इंची गादी टाकली, की झाली 23. आजीचे पाय लोंबकळणार. बसायला 15 इंच उंचीची पेटी निवडा, खाली इंचभर लाकडी पट्ट्या, वर गादी, बरोबर जमतं. चाकं बसण्याच्या पेटीला नकोतच. टीपॉय करायचा असेल तर चाकं हरकत नाही, निदान दोन तरी ब्रेकवाली घ्या. खालच्या लाकडी पट्ट्या मात्र प्रत्येक पेटीला हव्यात, नाहीतर फरशीचं पाणी तळ पुन्हा खाणार.

पेटीचं झाकण माणसाच्या वजनासाठी केलेलं नसतं. मधोमध बसलात की ते खाली दबतं, कडा वाकतात आणि मग ते कधीच नीट लागत नाही. 12 मिलिमीटरचा प्लायवूड झाकणापेक्षा अर्धा इंच मोठा कापून घ्या. त्याच्या खालच्या बाजूने, लांबीच्या दोन्ही कडांना, लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे भार पेटीच्या उभ्या भिंतींवर जाईल आणि झाकणाच्या मध्यावर येणार नाही. पट्ट्यांखाली जुन्या घोंगडीची पट्टी चिकटवा, रंग घासला जात नाही. गादी या फळीवर. नाव झाकणावर असेल तर ती पेटी बसायला घेऊ नका, उशाशी ठेवा.

लहान मुलं असलेल्या घरात आणखी दोन कामं केल्याशिवाय पेटी बैठकीत आणू नका. लपाछपी खेळताना मूल आत शिरतं, वरून झाकण पडतं, कडी आपोआप अडकते आणि आत हवा नसते. अशा दुर्घटना घडलेल्या आहेत. म्हणून कोयंडा आपसूक अडकणारा असेल तर काढून टाका किंवा वाकवून निकामी करा, आणि मागच्या बाजूला वरच्या अंगाला बोटभर जाडीची चार-पाच भोकं पाडून घ्या. भोकांच्या कडा कानसीने घासा, प्रायमर लावा. दुसरं, झाकण बोटांवर आपटू नये म्हणून दोन्ही बाजूंना साखळी किंवा कपाटाच्या दाराला लावतात तसा आधार बसवा. हे सगळं पेटी रंगवण्याआधी.

लाकडी पेटी असेल तर

सागवानी, पितळी पट्ट्यांची संदूक ज्यांच्या माळ्यावर आहे, त्यांनी वरचा सगळा मजकूर विसरावा. तिला रंग लावूच नका. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या, मग चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश पातळ-पातळ चढवा, किंवा नुसतं जवसाचं तेल पुसा. स्पिरिट लवकर पेट घेतं, तेव्हा चूल, देवापुढचा दिवा आणि विडी तिथून लांब. जवसाच्या तेलाचं फडकंही चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकं दोरीवर पसरून वाळवा आणि मगच टाका.

वाळवी लागली असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग बाकीचं. ठोकून बघा, पोकळ वाजेल तिथे ती आहे.

पहिले दहा दिवस

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असं नाही. नवी पेटी बघायला येणारं प्रत्येक माणूस तिच्यावर काहीतरी ठेवतंच, वाकळ, पिशवी, चहाचा कप. दहा दिवस काही ठेवू देऊ नका. वाकळीचा विणीचा ठसा रंगात असा उमटतो की पुन्हा घासण्यावाचून इलाज नसतो. झाकण पूर्ण लावून ठेवलंत तर तेही कडेला चिकटतं, म्हणून मध्ये मेणकागदाच्या पट्ट्या घाला. दहाव्या दिवशी मागच्या कोपऱ्यात अंगठ्याचं नख दाबून बघा. ठसा उमटला तर आणखी चार दिवस.

उरलेला रंग काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि वर कागदावर रंगाचा नंबर लिहून चिकटवा. पुढच्या दसऱ्याला पेटी पुन्हा अंगणात येईल तेव्हा तिला आडवी करा, तळ आणि मागची खालची कड बघा. तिथे एखादा तांबूस ठिपका दिसला तर त्याच दिवशी घासून, प्रायमरचं एक बोट लावून, सुकल्यावर या बाटलीतला रंग फिरवा.